पान टाकून पाहा

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

तू वेल्समधल्या ड्रॅगन्स बॅक नावाच्या सहा दिवसांच्या डोंगर-शर्यतीत धावणार, हे परवा तुझ्या फोनवर कळल्यावर आईनं पहिला प्रश्न केला, “सहा दिवस कायले धावते थे? तिकडं बस नाही काय?” मी म्हटलं, बस आहे, पण बसमध्ये बसणाऱ्याच्या हाती नकाशा देत नाहीत. तिला ते काही पटलं नाही. संध्याकाळपर्यंत विषय पारावर पोचला होता. कसा पोचला ते विचारू नको. शेजारच्या काकांनी विचारलं, बक्षीस किती? मी सांगितलं, रोख काही नाही, उलट पोरीनंच फी भरली. ते तंबाखू मळत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तळेगावच्या पटात धावणाऱ्या बैलाचीबी सरकी-ढेप मालक भरते. हे पोट्टी स्वतःच मालक अन् स्वतःच बैल!” सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येताना वाटलं, काका बोलले ते काही खोटं नाही.

तू पाठवलेलं सगळं मी वहीत उतरवून काढलं. जन्मभर मोजणी केली, आकडे स्वतःच्या अक्षरात आल्याशिवाय डोक्यात जात नाहीत. कॉनवीच्या किल्ल्यातून निघायचं, वेल्सच्या डोंगरांच्या कण्यावरून खाली दक्षिणेला यायचं, अन् सहाव्या दिवशी कार्डिफच्या किल्ल्यात. अंतर सुमारे 380 किलोमीटर, एकूण चढण सुमारे 17,400 मीटर. आईला कळावं म्हणून मी असं मांडलं: परतवाड्याहून नागपूरला जवळपास जाऊन-येऊन, अन् त्यातच चिखलदऱ्याचा घाट पंचवीसेक वेळा चढायचा. ती म्हणाली, “अन् शेवटी कुठं जाते?” म्हटलं, कार्डिफला, तिच्याच गावी, जिथं तिचं हॉस्पिटल आहे तिथं. “म्हणजे ड्युटीवर जाते,” असं म्हणून ती भाकरी थापायला लागली.

वाटेतल्या तुझ्या स्नोडन डोंगराची उंची पाहिली, 1,085 मीटर. आपलं चिखलदऱ्याचं वैराट 1,178 भरतं. हे पारावर सांगितल्यावर तुझी किंमत जरा उतरली, सांभाळून घे. आपण समुद्रापासून चढत नाही अन् तुम्ही तळापासून चढता, हे मी समजावू पाहिलं, पण तोवर सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला होता.

आता मुद्द्याचं. तुझ्या पायांची मला काळजी नाही. चौथीपासून तू शिवेच्या दगडापर्यंत माझ्यासोबत साखळी ओढत आलेली आहेस. तेहतीस फुटी साखळीचं टोक धरून तू बांधावरून पळायचीस अन् मी मागून ओरडायचो, ताण दे, ताण दे. काळजी आहे ती धुक्याची. आणि खरं सांगायचं तर धुक्याचीही नाही. धुक्यात माणूस स्वतःशी जे बोलतो, त्याची आहे. त्याबद्दल माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आईलाही अर्धीच माहीत आहे.

1994 चा डिसेंबर. मेळघाटात एका गावाच्या अन् जंगलाच्या हद्दीचं काम होतं. चार दिवस झाले होते, पाचव्या दिवशी उतरून मुक्कामाच्या गावी यायचं. माझ्याकडे टोपोशीट म्हणजे डोंगर-नाल्यांचा नकाशा, कंपास अन् बारा वर्षांच्या नोकरीची घमेंड. सोबत एक कोरकू गडी, वयानं माझ्यापेक्षा लहान, फार न बोलणारा. दिवस कलायला लागला तेव्हा आम्ही एका नाल्यात उतरलो. मी नकाशा पाहून ठरवलं, हाच तो नाला, याच्या काठानं खाली गेलं की तास-दीड तासात गाव. अर्धा तास चाललो. तो थांबला. म्हणाला, साहेब, पाणी उलटं जाऊन राहिलं.

मी पाहिलं. नकाशात कॉन्टूरचे, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचे, चिमटे एका अंगाला टोक करून होते, म्हणजे उतार दुसऱ्या अंगाला. पाणी मात्र भलतीकडे. हे मला दिसत होतं, वैशू. दिसलं नाही असं नव्हतं. पण मी म्हणालो, “पुढं वळत असेल.”

त्यानं वाद घातला नाही. खाली पडलेलं सागाचं एक वाळकं पान उचललं, थाळीएवढं मोठं, अन् पाण्यावर सोडलं. ते पान दोन दगडांमधून फिरलं, जरा अडकलं, सुटलं, अन् ज्या दिशेनं जायला नको होतं त्या दिशेनं आरामात निघून गेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही, पानाकडे पाहत राहिला. मी पुन्हा म्हणालो, “पुढं वळतो तो नाला.” आणि चालायला लागलो.

पुढची रात्र आम्ही एका खडकावर काढली. शेकोटी पेटवली, आळीपाळीनं जागलो. खाली कुठंतरी सांबर ओरडत होतं, म्हणजे सांबराला कुणीतरी दिसलं होतं. सकाळी तो मला आलो त्या वाटेनं उलटा घेऊन गेला, तासाभरात आम्ही आदल्या दिवशीच्या ओळखीच्या दगडाशी होतो. दोन नाले शेजारी शेजारी उगम पावतात, मी चुकीच्यात उतरलो होतो. कचेरीत मी सांगितलं, काम लांबलं. त्या गड्यानंही तेच सांगितलं. माझी लाज त्यानं राखली, अन् मी त्याला साधं ‘तुझं बरोबर होतं’ एवढं म्हणालो नाही. ते आजपर्यंत टोचतं.

तेव्हापासून मी नवीन पोरांना एकच शिकवलं. नकाशा बघून जमीन वाचा, पण जमिनीला नकाशात कोंबू नका. आणि तोंडातून ‘पुढं वळत असेल’ निघालं की जागीच उभे राहा. खात्रीची शेवटची खूण कुठली होती ते आठवा अन् तिथवर परत जा. परत जायला वीस मिनिटं लागतात. न जाण्याला माझी एक रात्र लागली.

पुढं माझी बदली हिंगणघाटला झाली. तिथं विल्यम लॅम्बटनचं थडगं आहे, मी मुद्दाम जाऊन आलो. 1802 मध्ये यानं मद्रासला पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेषा, मोजली अन् तिथून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे वर आणली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बैलं, माणसं लावून डोंगरांवर चढवायचा. वऱ्हाडापर्यंत आला, नागपूरकडे निघाला, अन् 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. मोजणीवाल्या माणसाला त्या थडग्याशी उभं राहिल्यावर काय वाटतं हे मोजणीवाल्यालाच कळेल, जाऊ दे.

याची एक गोष्ट तुझ्या कामाची. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात जनरल बेअर्डची तुकडी रात्री निघाली होती. लॅम्बटन सोबत होता. त्यानं ताऱ्यांकडे पाहिलं अन् सांगितलं, आपण टिपूच्या फौजेकडेच चाललोय. बेअर्डनं त्याला उडवून लावलं, वाट शोधायला मला तारे लागत नाहीत म्हणून. मग कधीतरी कंपास पाहिला, तर कंपास ताऱ्यांच्या बाजूनं. तुकडी वळवली. म्हणजे बघ, जनरललाही त्या रात्री ‘पुढं वळत असेल’ असंच वाटलं असणार. माझ्याकडे कोरकू गडी होता, बेअर्डकडे लॅम्बटन. दोघांनीही ऐकलं नाही, फरक एवढाच की बेअर्डनं उजेड करून कंपास तरी पाहिला.

तुझ्यासोबत कुणी नसणार. 1992 ची पहिली शर्यत जोडीनं होती ना, तूच सांगितलंस. हेलेन डायमंटिडीस अन् मार्टिन स्टोन या जोडीनं ती जिंकली. (हे मी आईला आवर्जून सांगितलं, पहिल्या नंबरात एक बाई आहे म्हणून. ती म्हणाली, “मंग? बाया काय आज पयल्यांदाच डोंगर चढून राहिल्या?”) आता एकेकट्यानं धावतात. घड्याळात वाट दिसते म्हणतेस, दिसू दे. पण हातात 1:40,000 चा नकाशा आहे, तो पिशवीत घालून ठेवू नको. अंगठा नकाशावर जिथं आहोत तिथं ठेवून चालायचं, बांधावर मी शिकवायचो तसं. आणि पुढं कुणी पळतंय म्हणून त्याच्या मागं जाऊ नको. त्याला वाट माहीत असेलच असं नाही. तोही कदाचित मनात म्हणत असेल की मागची पोरगी येतेय म्हणजे बरोबरच असणार. मेंढरांच्या कळपात पुढच्या मेंढीलाही असंच वाटत असतं.

पहिला दिवस मला सगळ्यात वाईट वाटतो. ट्रायफन, क्रिब गॉख, स्नोडन, सगळं एकाच दिवसात, अन् अंतर पन्नासेक किलोमीटर. क्रिब गॉखच्या त्या लाल धारेचे फोटो मी पाहिले, आईला दाखवले नाहीत. वारा असला तर तिथं बसून, हात टेकून गेलीस तरी कुणी हसणार नाही. हसलं तर हसू दे.

थंडीचं मी तुला काय शिकवणार, तू नर्स आहेस. पण आपण पंचेचाळीस अंशात वाढलेली माणसं, आपलं अंग उन्हाची खबर लवकर देतं, गारव्याची देत नाही. ओलं अंग अन् वारा एकत्र आले की जॅकेट आधी घाल, कुडकुडायला लागल्यावर नव्हे. बोटांना चेन लागेनाशी झाली, शब्द जडावले, की ते थकणं समजू नको. शिट्टी गळ्यात हवी, पिशवीच्या तळाशी नको. मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. हे तू मला सांगितलंस, मी तुलाच परत सांगतोय. बापाला तेवढी मुभा असावी.

फोडांचं म्हणशील तर तुझा मोठा मामा शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी गेला होता. वाटेत फोड आले की सुईनं दोरा ओवून तसाच ठेवायचे, पाणी निघून जायचं. तू फोनवरच “बाबा, इन्फेक्शन!” म्हणून ओरडलीस, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

एक राहिलं. लॅम्बटननंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. आपल्या वऱ्हाडातल्याच टाकरखेड्याला वेध घेताना त्याचे हातपाय इतके लुळे पडले होते की यंत्राखालच्या आसनावर दोन माणसं त्याला उतरवायची अन् वर काढायची. तरी काम सोडलं नाही. लोक अशा गोष्टी पोरांना हिंमत यावी म्हणून सांगतात. मी उलट कारणानं सांगतोय. त्याच्यामागं सरकारचं काम होतं. तुझ्यामागं असं काहीही नाही. वेळेत टप्पा गाठला नाही अन् बाद झालीस, तर दुसऱ्या दिवशी थोडा भाग धावता येतो म्हणालीस, अंड्यातून निघालेलं पिल्लू असं कायसं त्याला नाव आहे. आम्हाला पिल्लूही चालेल. तेही नको वाटलं तर बसनं ये. आईचा पहिला प्रश्न तसाही तोच होता.

पार्सल मंगळवारी टाकलं. तिळाची कडक गुळपट्टी आहे, शेंगदाण्याचे लाडू आहेत. लाडू फुटले तर चुराच खिशात भर, धावता धावता तोच बरा. एका डबीत लोणी-हळद आहे. यंदाच्या पोळ्याला बैलांच्या खांदशेकणीसाठी, त्यांचे खांदे चोळायला, काढलेल्यातलं आईनं तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय, पिशवीचे पट्टे खांद्याला घासतील म्हणून. कस्टमवाले काय म्हणतील कोण जाणे. पळसाचं पानही घालत होती, ते मी काढून घेतलं.

तुमचं सकाळी सहा म्हणजे आपल्याकडे साडेदहा. शर्यतीत प्रत्येकाचा ठिपका नकाशावर दिसतो ते तू दाखवलंसच. घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर टाकीच्या सावलीत खाट टाकली आहे. काकाही येणार आहेत, आपला बैल कुठवर गेला ते पाहायला. आईनं विचारलं, ठिपका मधेच थांबला तर काय समजायचं? मी सांगितलं, पोरीला पान टाकायला जागा सापडली. तिनं थोडं थांबून विचारलं, कसलं पान? तेव्हा त्या रात्रीचं उरलेलं अर्धं तिला सांगितलं.

तुझे,
बाबा

ता. क. मोज्यांच्या तीन जोड्या ने, असं आईनं दोनदा लिहायला सांगितलं. मोज्यांच्या तीन जोड्या ने.