मंद्या, आधी जॉयस्टिक खरं बोलते का ते बघ

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन तक्रारी वाचल्या. फ्लाइटगिअर या कॉम्प्युटरवरच्या विमान उडवण्याच्या खेळात धावपट्टीवर वेग घेताना सेसना, म्हणजे तुझं छोटं विमान, डावीकडे पळतं, आणि वर गेल्यावर हात सोडला की हळूहळू उजवीकडे कलतं. दोन्हींचं खापर जॉयस्टिकवर फोडून तू महागातली नवी घ्यायला निघालास. जरा थांब. त्यातली एक तक्रार विमानाची आहे आणि ती असायलाच हवी. दुसरी जॉयस्टिकची असू शकते, पण तेही आधी सिद्ध करावं लागेल.

डावीकडे पळण्याचं आधी सांगतो. सेसना १७२ चा पंखा पायलटच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा पिळा घेत शेपटीच्या उभ्या पंखाला डाव्या बाजूने धडकते आणि नाक डावीकडे वळतं. नाक वर उचललं की उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढ देतं, त्याचीही भर पडते. खरा पायलट अशा वेळी उजवा पाय दाबतो. तुझ्याकडे पायपट्ट्या नाहीत, पण तुझ्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो जॉयस्टिकची दांडी पिळता येते, तोच तुझा रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू. फुल थ्रॉटल (इंजिनाची ताकद) देतानाच उजवीकडे थोडा पीळ दे. आणि फ्लाइटगिअरमधलं ऑटो-कोऑर्डिनेशन, म्हणजे रडर आपोआप हलवणारी सोय, चालू असेल तर बंद कर. ज्याच्याकडे रडर नाही त्याच्यासाठी ती आहे. तुझ्याकडे रडर असताना एकाच कामाला दोन कारभारी होतात.

आता उजवीकडे कलण्याचं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) लिही, म्हणजे जॉयस्टिकच्या सेटिंगची खिडकी उघडेल. गुणधर्मांत जाऊन कॅलिब्रेट (दांडीचा मध्य आणि टोकं विंडोजला नव्याने शिकवणं) निवड आणि कच्चे आकडे दाखवण्याच्या चौकोनात खूण कर. ही खूण बरेच जण करत नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. या जॉयस्टिकच्या आडव्या-उभ्या हालचालीचे आकडे ० ते १०२३ असतात, पीळ आणि थ्रॉटलचे मात्र ० ते २५५. हात लावू नकोस, नुसतं बघ. मध्यावर ५११-५१२ च्या आसपास आकडा शांत बसला पाहिजे. ५३० वर शांत बसला असेल तरी घाबरायचं कारण नाही. तो तराजूचा पासंग आहे, कॅलिब्रेशनने जातो. पण आकडा स्वतःहून नाचत असेल, किंवा दांडी सावकाश नेताना मधेच टुणकन उडी मारून परत येत असेल, तर कॅलिब्रेशन कितीही वेळा कर, काही उपयोग नाही. आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांडीची जागा मोजणारा घासत फिरणारा भाग, असेल तर त्याच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते किंवा ती झिजलेली असते. धूळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुटते. झिजली असेल तर मात्र भाग बदलायचा. बऱ्याच महाग जॉयस्टिकमध्ये हॉल सेन्सर असतात. तिथे चुंबकावर काम चालतं, घासायला काही नसतंच. पैसे घालायचेच असतील तर त्यासाठी घाल, चमचमणाऱ्या दिव्यांसाठी नको.

कॅलिब्रेट करताना दांडी पूर्ण टोकापर्यंत ने आणि गोल फिरवताना चारही कोपऱ्यांत टेकव. घाईत अर्धवट फिरवलीस तर विंडोज त्या अर्धवट टोकालाच शेवटचं टोक समजतं. मग विमान बिचकणाऱ्या घोड्यासारखं वागतं आणि आपण सेन्सिटिव्हिटीला शिव्या देतो.

नंतर फ्लाइटगिअर उघडून विमान जमिनीवरच ठेव आणि प्रॉपर्टी ब्राउझरमध्ये (खेळातले आतले आकडे दाखवणारी खिडकी) कंट्रोल्सखालच्या फ्लाइटमध्ये एलेरॉनचा, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांचा, आकडा बघ. हात सोडल्यावर शून्य दिसतंय आणि तरीही हवेत विमान कलतंय, तर दोष जॉयस्टिकचा नाही. डाव्या पंखातलं इंधन जास्त संपलंय, अशी कारणं खऱ्या विमानातही असतात. शून्याऐवजी ०.०३ वगैरे दिसलं तरच सेटिंगमध्ये हात घाल. फ्लाइटगिअरच्या जॉयस्टिकसाठीच्या एक्सएमएल फाइलमध्ये डेड-बँड असतो, म्हणजे मध्याभोवतीचा असा पट्टा जिथली हालचाल मोजलीच जात नाही. मी ०.०२ पासून सुरुवात करीन. तो वाढवायचा मोह होतो, कारण मध्यावरची थरथर एकदम गायब होते. पण उतरताना ज्या बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात त्याही त्यातच गिळल्या जातात.

थ्रॉटलकडेही लक्ष दे. लिव्हर पूर्ण मागे घेतल्यावर प्रॉपर्टी ब्राउझरमध्ये थ्रॉटलचा आकडा खरंच शून्य होतो का ते बघ. ०.०५ राहिला तर इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात मंद गतीला, येतच नाही. मग धावपट्टीवर विमान तरंगत राहतं आणि आपल्याला वाटतं आपलं लँडिंग वाईट आहे.

वक्राची, म्हणजे दांडी किती हलवली की विमान किती ऐकतं या हिशोबाची, पाळी सगळ्यात शेवटी. त्याच एक्सएमएल फाइलमध्ये पॉवर २ ठेवलंस तर अर्ध्या दांडीला पाव एलेरॉन मिळतो आणि पूर्ण दांडीला पूर्णच. मध्यावर हात हलका चालतो. हा आवडीनिवडीचा भाग आहे. मला एलिव्हेटरवर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) आवडतो, एलेरॉनवर नाही. पण वक्राने कलणं थांबेल असं कुणी सांगितलं तर मान हलव आणि सोडून दे.

ट्रिमशिवाय मात्र यातलं काहीच नीट जाणवणार नाही. खऱ्या सेसनात ट्रिमचं चाक फिरवलं की योकवरचा, म्हणजे पायलटच्या हातातल्या सुकाणूवरचा, जोर हातातून उतरतो. आपल्या जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र कायम मध्याकडेच ओढते, तिला वेगाचं काही देणंघेणं नसतं. म्हणून आधी दांडीने नाक हवं तिथे धर, मग ट्रिम देत देत दांडी मध्यावर सोडत ये. ट्रिम दांडीवरच्या दोन बटणांना बांध, कीबोर्डवर हात नेत बसू नकोस.

सगळं जमलं की जुहूवरून निघू आणि पुण्याला उतरू. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ या छोट्या विमानाने जुहूलाच उतरले होते, तेव्हा सुरुवात तिथूनच करायची. ७५ नॉट्सच्या आसपास चढत राहा आणि खंडाळ्याच्या आधी साडेचार हजार फूट गाठ. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे, हे उंची वाचताना विसरू नकोस. आल्टिमीटर दोन हजार दाखवतोय म्हणजे अजून भरपूर उंची आहे असं समजलास तर थेट जमिनीत घुसशील.

दांडीला हात न लावता आडव्या हालचालीचा मध्यावर कोणता आकडा येतो आणि तो नाचतो का, एवढं उलट टपाली कळव. नवी घ्यायची की नाही ते त्यावर ठरवू, तोवर खिशात हात घालू नकोस. वहिनींना नमस्कार. चिरंजीवांना बटणं दाबायला दे, पण कॅलिब्रेशन चालू असताना नको.

तुझा,
अव्या