आधी नुसतं बघायला शिकवलंत, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस मला समजलं ते तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून जाहीर पत्र. मंगळवार पेठेतल्या त्या अभ्यासिकेत तुम्ही पेपर वाचायला यायचात. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीची अडलेली वही बघून चष्मा पुसत जवळ येण्याचं तुम्हाला काही कारण नव्हतं, तरी आलात.

आम्हाला कर्व्ह स्केचिंग (सूत्रावरून ग्राफ काढणं) म्हणजे पायऱ्यांची यादी दिली होती. डोमेन, छेदबिंदू, पहिलं डेरिव्हेटिव्ह (ग्राफचा चढ-उतार), दुसरं (त्याचा वाक), तक्ता, ग्राफ. सिमेट्री त्यात एका ओळीत उरकलेली. शिकवण्याची ही पद्धत मला आजही पटत नाही, कारण ग्राफ तयार होतो पण तो तसाच का, हे कळत नाही.

तुम्ही क्ष/(क्ष² + 1) लिहिलंत आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत. "अगं, आधी नुसतं बघ की. क्षच्या जागी उणे क्ष टाकलं तर काय होतंय?" छेद तसाच राहिला, अंशाचं चिन्ह फिरलं. म्हणजे ऑड फंक्शन: क्षचं चिन्ह फिरवलं की उत्तराचं फक्त चिन्ह फिरतं. मग फक्त उजवी बाजू काढायची: शून्यातून चढ, 1 ला शिखर, उंची 1/2, मग उतार, √3 ला वाक बदलतो आणि पुढे रेघ क्ष-अक्षाच्या जवळ जात राहते. डावी बाजू हवी असेल तर हाच भाग आरंभबिंदूभोवती 180 अंशांत फिरवायचा. अर्धं काम वाचलं, पण मला जास्त मोलाचं वाटलं ते तुम्ही पुढे सांगितलेलं: ऑड फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह इव्हन येतं (क्षचं चिन्ह फिरवलं तरी तेच राहणारं), इव्हनचं ऑड. इथे ते (1 − क्ष²)/(1 + क्ष²)² येतं, इव्हनच. उत्तर तपासायला गाईडची मागची पानं उघडायची गरज संपली ती त्या दिवशी.

मी विचारलं होतं, आरशासारखी सिमेट्री नेहमी य-अक्षाभोवतीच असते का? तुम्ही सरळ कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवावर आलात. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात ती 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला. "मधला दिवस काढ," म्हणालात. मी बोटांवर मोजलं. 10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबर 41 दिवस, 22 डिसेंबरपासून 1 फेब्रुवारी 41 दिवस. मध्ये येतो तो वर्षातला सर्वांत लहान दिवस! सूर्य दक्षिणेला जाऊन तिथून परत फिरतो, म्हणून त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच अंतरावर तो जवळजवळ त्याच जागी मावळतो. आरसा य-अक्षावरच असतो असं नाही, तो कुठेही उभा असू शकतो. लहानपणापासून किरणोत्सवाच्या गर्दीत उभी राहत आलेय, पण त्या दोन तारखांचं एकमेकींशी नातं असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही क्ष³ − 3क्ष² दिलंत. दिसायला ना इव्हन, ना ऑड. क्षच्या जागी 1 + ट घालायला लावलंत, तर ट³ − 3ट − 2 उरलं. उणे 2 बाजूला ठेवा, बाकी शुद्ध ऑड. म्हणजे हा कर्व्ह (1, −2) भोवती सिमेट्रिक, आणि तोच त्याचा इन्फ्लेक्शन पॉइंट, म्हणजे वाक बदलण्याची जागा. 0 वरचं शिखर आणि 2 वरची दरी त्याच्यापासून सारख्या अंतरावर. प्रत्येक घन बहुपदी आपल्या इन्फ्लेक्शन पॉइंटभोवती अशीच सिमेट्रिक असते, हे तुम्ही मलाच सिद्ध करायला लावलंत आणि तोवर शांतपणे शब्दकोडं सोडवत बसलात.

परीक्षेत उणे पाय ते पायपर्यंत क्ष² साइन क्षचं इंटिग्रल (ग्राफखालचं चिन्हासह क्षेत्रफळ) आलं होतं. ऑड फंक्शन, सिमेट्रिक मर्यादा, उत्तर शून्य. मी एका ओळीत लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

काका, तुम्ही फी तर घेतली नाहीतच, कधी पेढेही घेतले नाहीत. साखर आहे म्हणालात. म्हणून हे पत्र. फूरिये सिरीज सुरू झाली की इव्हन-ऑड पुन्हा येणार आहे, असं सीनियर सांगतात. तेव्हा संध्याकाळी पाचनंतर वही घेऊन येईन. तुम्ही असालच.

आपली,
अभ्यासिकेतली खिडकीजवळची मुलगी