पुनर्प्रदर्शित ॲनिमेशनपटांत नेमके काय बदलले, तेही छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या ॲनिमेशनपटांच्या पुनर्प्रदर्शनावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘आकिरा’, ‘प्रिन्सेस मोनोनोके’, तसेच युगो साको आणि राम मोहन यांचे ‘रामायण’ असे हाताने चितारलेले चित्रपट गेल्या काही वर्षांत ४के (म्हणजे अतिशय बारीक तपशिलाच्या डिजिटल) किंवा आयमॅक्स (म्हणजे अतिभव्य पडद्याच्या) रूपात पुन्हा पडद्यावर आले, याचा लेखकाला झालेला आनंद मलाही आहे. मात्र ‘पूर्वीपेक्षा स्वच्छ आणि चकचकीत’ ही एकच कसोटी लावून लेखकाने सगळ्यांना उत्तीर्ण केले आहे, ते मला पटत नाही. सगळी हयात चित्रकला शिकवण्यात गेल्यामुळे पडद्यावरही माझी नजर आधी रेषेकडे जाते. तेवढा पक्षपात गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

पुनर्प्रदर्शन ही मुळात नवी गोष्ट नव्हे. १९३७ चा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ युद्धकाळात, १९४४ मध्ये, पुन्हा लावण्यात आला आणि पुढे ठरावीक वर्षांनी मुलांची नवी फळी तयार झाली की तो परत येत राहिला. नव्या साच्यात कोंबण्याची हौसही तितकीच जुनी आहे. १९४० चा ‘फँटेशिया’ १९५६ मध्ये परत आला तेव्हा रुंद पडद्याची लाट होती, म्हणून मुळात चौकोनाच्या जवळ जाणारे त्याचे चित्र अनेक प्रसंगांत आडवे ताणून दाखवले गेले. तेव्हाही जाहिरातीच्या दृष्टीने ती सुधारणाच होती.

आजची मोडतोड इतकी ढोबळ नसते, म्हणून ती चटकन लक्षात येत नाही. फिल्मवर चित्रित झालेल्या प्रत्येक चित्रपटात बारीक दाणा असतो, ज्याला ग्रेन म्हणतात. संगणकाने हा दाणा पुसायचा ठरवला की दर फ्रेमला जागा बदलते ते सारे त्याला कचरा वाटते आणि स्थिर राहते ते चित्र वाटते. पेन्सिलीची बारीक, मध्येच तुटणारी, किंचित थरथरणारी रेषा या दोहोंच्या सीमेवर असते आणि पुष्कळदा कचऱ्यात जाते. १९५० च्या ‘सिंड्रेला’च्या आधीच्या एका डिजिटल आवृत्तीत नेमके हेच झाले होते. त्या आवृत्तीत पोशाखाच्या चुण्या दाखवणाऱ्या नाजूक रेषा ठिकठिकाणी विरून गेल्या होत्या आणि जिथे वस्त्राची घडी होती तिथे नुसता सपाट रंग उरला होता. २०२३ मध्ये मूळ निगेटिव्हपासून नव्याने काम झाले, तेव्हा त्या रेषा आणि रंगांचा मूळचा मऊपणा परत आला. दोन्ही आवृत्त्यांचे वर्णन जीर्णोद्धार असेच केले गेले. पहिलीच आवृत्ती पाहिलेल्या प्रेक्षकाला आपण काय गमावले, हे कळायला काही मार्ग नव्हता.

दाण्याचे महत्त्व ॲनिमेशनमध्ये इतर चित्रपटांपेक्षा अधिक का, हे थोडे उलगडून सांगायला हवे. सेकंदाला चोवीस फ्रेम असल्या तरी पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेमसाठी वापरतात, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला बाराच चित्रे असतात. आणि एखादे पात्र ऐकत उभे असेल, तर तेच चित्र बराच वेळ पडद्यावर राहते. अशा वेळी चित्र हलत नसले तरी फिल्मचा दाणा दर फ्रेमला बदलत असतो आणि त्या अतिसूक्ष्म सळसळीमुळे थांबलेला चेहराही श्वास घेत असल्यासारखा वाटतो. दाणा पूर्ण पुसला की तोच चेहरा भिंतीवर डकवलेल्या कागदासारखा होतो. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून तर डिझ्नी स्टुडिओत चित्रकाराची रेषा शाईने पुन्हा न गिरवता झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर, म्हणजे चित्र रंगवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर, उतरवली जाऊ लागली. त्या रेषांचा खरबरीतपणा हेच त्या शैलीचे रूप आहे, तो घासून गुळगुळीत करण्यात कसला उद्धार आला?

याचा अर्थ जुन्या चित्रपटांना हात लावू नये असा नाही. त्या काळच्या रंगीत ॲनिमेशनसाठी प्रत्येक चित्राची लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून, कृष्णधवल फिल्मवर, एकामागून एक अशी तीन छायाचित्रे घेतली जात. चित्र जागचे हलत नसल्यामुळेच हे शक्य होते. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये रंगद्रव्य नसल्याने रंग उडण्याचाही प्रश्न येत नाही, आणि या तीन नोंदी आज संगणकात काळजीपूर्वक एकत्र केल्या, तर विटलेल्या प्रिंटपेक्षा मूळ रंगांच्या कितीतरी जवळ जाता येते. १९९३ मध्ये ‘स्नो व्हाइट’ हा संपूर्णपणे ४के स्कॅन करून, संगणकावर साफ करून पुन्हा फिल्मवर उतरवलेला पहिला चित्रपट ठरला, तेव्हा धूळ आणि ओरखडे काढण्यासाठी घेतलेली मेहनत सार्थच होती. धुळीचेही दोन प्रकार असतात. एक पुढच्या काळात निगेटिव्हवर बसलेली आणि दुसरी चित्रीकरणाच्या दिवशीच सेलवर राहून गेलेली. ही दुसरी धूळ काढली तरी माझी तक्रार नाही. तिच्याबरोबर कुंचल्याचा फराटा गेला तर मात्र आहे.

थ्रीडीविषयी फार लिहीत नाही. ‘टॉय स्टोरी’चे संगणकातील जग जतन केलेले होते, त्यामुळे २००९ मध्ये दुसरा आभासी कॅमेरा शेजारी ठेवून खरीखुरी खोली मिळवता आली. ‘द लायन किंग’ची पात्रे कागदावर काढलेली असल्याने २०११ मध्ये त्यांना खोली बाहेरून बहाल करावी लागली. तो प्रयोग अमेरिकेत नऊ कोटी डॉलरहून अधिक कमावून गेला, मग त्याच्या मागोमाग आणखी काही आले आणि २०१३ मध्ये ‘द लिटल मरमेड’चे ठरलेले थ्रीडी प्रदर्शन रद्द झाले. चष्म्यामुळे पडदा काळवंडतो, हे ज्याने तो घातला आहे त्याला सांगायला नको.

खरा घोळ चौकटीचा आहे. रुंद पडद्याच्या लाटेआधीच्या ॲनिमेशनपटांची रुंदी साधारणपणे उंचीच्या १.३७ पट असते, त्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळी जागा राहणे अपरिहार्य आहे. मी अशाच एका पुनर्प्रदर्शनाला गेलो असता चित्र पडदाभर पसरलेले पाहून आधी बरे वाटले. पण पाचच मिनिटांत पात्रांच्या टोप्या वरून कापलेल्या आणि नाचताना पावले खालून नाहीशी झालेली दिसली. मध्यंतरात व्यवस्थापकांकडे गेलो, तर काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक पैसे परत मागतात, असे त्यांनी अगदी सौजन्याने सांगितले. त्यांचीही अडचण मला समजते. त्या पट्ट्या म्हणजे चित्राची उणीव नव्हे, हे प्रेक्षकाला आधी कोणीच सांगितलेले नसते.

मूळ म्हणजे काय, हा प्रश्न नेहमी सोपा नसतो, हेही मान्य करतो. ‘टॉय स्टोरी’ संगणकावर घडला, पण १९९५ मध्ये लोकांनी तो फिल्मच्या प्रिंटवर पाहिला आणि त्या प्रिंटचे रंग नंतरच्या डिजिटल आवृत्त्यांपेक्षा वेगळे होते. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ २००२ मध्ये आयमॅक्सवर आला तेव्हा त्यात मूळ चित्रपटात नसलेला गाण्याचा एक अख्खा प्रसंग होता. असे करण्याचा हक्क निर्मात्यांना आहेच. माझे म्हणणे इतकेच की, जे केले ते जाहिरातीत स्पष्ट लिहावे: काम मूळ निगेटिव्हवरून झाले की नंतरच्या प्रिंटवरून, दाणा ठेवला की पुसला, चौकट मूळची आहे का, आणि काही नव्याने जोडले किंवा गाळले आहे का.

निर्माते हे आपणहून करतील अशी आशा नाही. म्हणून आपल्याला विनंती आहे की, अशा चित्रपटांची परीक्षणे छापताना कथासार थोडे आखडते घ्यावे, कारण ती कथा बहुतेकांना ठाऊकच असते, आणि त्या जागी परीक्षकाने ही माहिती वितरकाकडून विचारून घेऊन द्यावी. वितरकाने उत्तर दिले नाही, तर तेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक