तळ्यातला गाळ काढायचाय, वळीव यायच्या आत! ट्रॉली, डिझेल, हात, जे जमेल ते द्या

रामराम मंडळी,

गावात असलेल्यांना, पुणे-मुंबई-गोव्याला पोटापाण्यासाठी गेलेल्यांना, सैन्यातल्या पोरांना, आणि माहेरवाशिणींना तर मुद्दाम, कारण तळ्याची वाट तुमच्या पायाखालची. गावच्या तळ्यासाठी जी कमिटी केलीय तिच्यातर्फे हे लिहालोय. लांबलंय जरा, खरं पूर्ण वाचा आणि मग काय ते ठरवा.

२०१९ चा ऑगस्ट कुणी विसरलेलं नाही. तिकडं निपाणीजवळ वेदगंगा नदी यमगर्णीत हायवेवर आली, इकडं मार्कंडेय नदी शिवारात शिरली, आणि आपलं तळं दोन दिवसात असं भरलं की सांडव्यावरनं जायचं पाणी बांधावरनंच जायला लागलं. रात्री दीडला देवळाची घंटा वाजवून लोकं उठवली, खताची रिकामी पोती माती भरून बांधावर टाकली, बायका कंदील आणि मोबाईलची बॅटरी धरून उभ्या. बांध राहिला. खालच्या आळीतल्या सात घरांच्या मातीच्या भिंती मात्र गेल्या, त्यातलं एक घर अजून पत्र्याखालीच आहे.

मग आलं २०२३. मृग कोरडा गेला, आर्द्रा पण अर्धी तशीच, धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतच पेरलेलं भात उगवलं आणि वाळलं, परत बियाणं आणून परत पेरलं. जुलैत थोडं झोडपलं तेवढंच, आणि ऑगस्ट तर काय, देशात १९०१ पासून नोंदी ठेवल्यात त्यातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरात सरकारनं दुष्काळी तालुक्यांची यादी काढली त्यात आपल्या बेळगाव जिल्ह्याचे तालुके पण आले. पुढच्या फेब्रुवारीत पोरं तळ्याच्या मधोमध क्रिकेट खेळत होती आणि मार्चला टँकर सुरू झाला. टँकर आला की घागरी, बिंदग्या, ड्रम, आणि त्यावरनं जी भांडणं झाली ती लिहीत नाही, ज्या दोन घरांची बोलचाल बंद झाली ती अजून बंदच आहे.

तळं तर तेच की. मग एकदा फुटायला आलं आणि एकदा फेब्रुवारीतच आटलं, असं का?

म्हशी धुवायच्या घाटाच्या पायऱ्या आठवा. सात होत्या. आता चारच दिसतात, खालच्या तीन गाळात गेल्या. म्हणजे तीन फूट गाळ, आणि हे आम्ही अंदाजानं सांगत नाही, मागल्या महिन्यात सहा ठिकाणी पहार मारून बघितलंय. तळं तीन एकराचं. एका एकरात एक फूट गाळ निघाला की बारा लाख लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे तीन एकरात तीन फूट धरला तर एक कोटी दहा लाख लिटरची जागा गाळानं खाल्लीय. जास्त पाऊस आला की जागा नाही म्हणून पाणी बांधावरनं जातंय, पाऊस कमी झाला की साठलेलंच नाही म्हणून आटतंय. दोन्ही दुखणी एकाच गाळाची.

पाऊस बदललाय हे कुणी शिकवायला नको, आपल्याला दिसतंयच. पूर्वी झड लागायची, आठ-आठ दिवस बारीक पाऊस, इरलं पांघरून नट्टी, म्हणजे भाताची लावण करायची, ते पाणी जमिनीत मुरायचं. आता पंधरा दिवस ऊन आणि मग एका दुपारी सगळं एकदम. समुद्र तापतोय, हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ धरून ठेवते, एक डिग्रीला साधारण सात टक्के, आणि सोडते तेव्हा एकदमच सोडते. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेच्या लोकांनी २०१७ ला दाखवलंय की १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. आपण त्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला, खरं बटाटा जागेवर सडतो तेव्हा कुठल्या पट्ट्यात हे कोण विचारतंय. आणि ह्या असल्या एका दुपारच्या पावसानं वरच्या माळावरची तांबडी माती धुऊन थेट तळ्यात येते. माळावर पहिल्यासारखं गवत नाही, झुडपं तोडली, चर बुजली. माती आपलीच, आपणच मोकळी सोडली.

बोरवेल मारा म्हणणारे पण आहेत. मारल्या की. गावात गेल्या दहा वर्षात किती मारल्या ते मोजा आणि त्यातल्या किती एप्रिलला चालतात ते पण मोजा. सहाशे फुटावर नुसती धूळ आली तो दिवस आमच्यातल्या दोघांनी उभं राहून बघितलाय, कर्ज अजून फिटतंय. तळ्यात पाणी टिकलं तर खालच्या अंगाच्या विहिरी जगतात, हे आजोबा लोकांना मशीनशिवाय कळत होतं. बेळगावात १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा टिळकवाडीत पाण्यासाठी विहीर खणली, ती काँग्रेस विहीर शंभर वर्षांनी पण आहे. शहराला पाण्याची चणचण झाली तेव्हा असल्या जुन्या विहिरी उपसून साफ करून परत वापरात आणल्या, नवीन काही केलं नाही. आपण पण नवीन काही करत नाही, आजोबांनी केलेलं होतं तसं करतोय.

आता काम. यंदा सगळा गाळ निघणार नाही, तेवढी आपली ताकद नाही. सगळा धरला तर ३,९०० ब्रासच्या आसपास जातो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), यंदा २,००० ब्रास काढायचा असं ठरलंय. एक ट्रॉली एक ब्रास. पोकलेन ट्रॉली भरून देणार, भरायचा खर्च ट्रॉलीमागं साधारण १०० रुपये पडतो, गाळ ज्याच्या शेतात जाईल त्यानं आपल्या ट्रॅक्टरनं न्यायचा. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर नाही आणि जमीन दोन एकराच्या आत आहे त्यांचं डिझेल कमिटी देणार. सोळा-सतरा दिवसांचं काम आहे. भरायला २ लाख, डिझेलला ५० हजार, सांडव्याचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडाचं अस्तर, आणि तिथला फुटलेला कट्टा ९० हजार, असे ३ लाख ४० हजार. गावातून आतापर्यंत १ लाख २८ हजार जमलेत. म्हणजे २ लाख १२ हजार अजून पाहिजेत. वरच्या माळावरनं येणाऱ्या पाण्याची चर ही उद्योग खात्रीत, म्हणजे सरकारी रोजगार हमीत घ्या म्हणून पंचायतीत अर्ज दिलाय, पीडीओंनी (पंचायतीच्या अधिकाऱ्यांनी) बघतो म्हटलंय. बघतो म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय, त्यामुळं चरीसाठी आम्ही श्रमदान धरूनच चाललोय. गाळ काढायची परवानगी मात्र लेखी हातात आहे, ठरावाची कॉपी देवळात लावलीय.

सोपा हिशेब सांगतो. शंभर रुपये दिलात की एक ट्रॉली गाळ निघतो आणि तिथं २,८०० लिटर पाण्याची जागा होते. दोन ट्रॉल्या म्हणजे एका छोट्या टँकरच्या वर. टँकरचं पाणी एका सकाळी संपतं, ही जागा पुढच्या पावसात परत भरते.

काही जण विचारालेत की काढलेली माती वीटभट्टीला जाणार काय. नाही जाणार. एक ट्रॉली पण नाही. मागं एकदा असंच झालं, गाळ काढतो म्हणून मशीन आलं, दोन दिवस गाळ काढला आणि मग खालचा चांगला मुरूम खणून नेला, तळ्यात खड्डा पडला आणि कुणाच्या खिशात काय गेलं ते आपल्याला कळलंच नाही. ह्यावेळी प्रत्येक ट्रॉलीला चिठ्ठी, वहीत शेताचा सर्वे नंबर, आणि मशीनजवळ कमिटीचा एक माणूस दिवसभर. तळातला चिकण थर दिसला की थांबायचं, तो फोडला तर पाणी टिकणार नाही. बांधाच्या पायथ्यापासून वीस फुटाच्या आत मशीन घालायचं नाही, पोकलेनवाला घाई करतो म्हणून आधीच चुन्यानं रेघ मारून ठेवणार आहोत. शेतकऱ्यांना पण सांगणं आहे, तांबड्या रानात गाळ चांगला, ओल धरून ठेवतो, रताळ्याला आणि नाचण्याला फरक दिसेल, खरं फुकट मिळतोय म्हणून एका पट्टीत फूटभर थर टाकू नका. पातळ पसरा, नांगरून मातीत मिसळा.

गणपतीचं पण बोलायला पाहिजे, राग येईल काही मंडळांना, येऊ दे. पहार मारताना घाटाजवळ काय लागलं तर प्लास्टरचे हात-पाय, लोखंडी सळ्या, थर्माकोल. तेवढा भाग मशीननं काढून शेतात टाकता येत नाही, हातानं निवडून काढावा लागणार. यंदा तळ्यात विसर्जन शाडूच्याच मूर्तीचं, बाकीच्यांसाठी पंचायतीच्या जागेत हौद करतोय. चार मंडळांपैकी तीन हो म्हटलीत. चौथ्याचं नाव लिहीत नाही, ओळखा.

खालच्या गावातली कन्नड मंडळी पण आपल्याबरोबर आहेत, कारण आपल्या सांडव्याचं पाणी त्यांच्याच ओढ्याला जातं आणि २०१९ ला आपला बांध गेला असता तर आधी त्यांची घरं गेली असती. त्यांनी आठ ट्रॅक्टर द्यायचं कबूल केलंय, ते पण डिझेलसकट. पावत्या मराठी आणि कन्नड दोन्हीत छापल्यात. देणगीदारांच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली ह्यावर एक मीटिंग अर्धी गेली, मग कुणीतरी म्हणालं पाटीच नको, तर पाटी रद्द. त्यातले दोन हजार वाचले, ते डिझेलला.

पैशाबद्दल. लक्ष्मी यात्रेला घराघरातून वर्गणी आली, एकानं पण नाही म्हटलं नाही, पाव्हण्यांच्या जेवणावर काय खर्च झाला ते ज्याचं त्याला माहीत. तेवढं मागत नाही. खाते नंबर आणि क्यूआर इथं मुद्दाम टाकलेला नाही, मागच्या साली एका कामाला कुणीतरी खोटा क्यूआर फिरवला आणि चार-पाच जणांचे पैसे गेले. खरा क्यूआर देवळाच्या बोर्डावर आणि दूध डेअरीच्या खिडकीत आहे, बाहेरगावच्यांनी घरच्यांना सांगून फोटो मागवून घ्या, फॉरवर्ड आलेल्यावर पाठवू नका. जमाखर्च दर सोमवारी डेअरीत लागेल, कुणालाही वही बघायला मिळेल. पैसे जमत नसतील तर ट्रॅक्टर एक दिवस द्या, पिचिंगला दगड द्या, मशीनवाल्याला एका दुपारचं जेवण द्या. सैन्यातली दोन पोरं सुट्टी ह्याच महिन्यात घेऊन येणार म्हणालीत, त्यांनी चरीचं काम अंगावर घेतलंय.

घाई का, तर पूर्वी सात जून धरून काम करायचो. २०२५ ला २४ मेलाच मान्सून केरळात आला आणि आपल्याकडं मे महिन्यातच चिखल झाला, धूळवाफ पेरायला रान वाळलंच नाही, सगळं वेळापत्रक कोलमडलं. त्यात वळीव कधी येईल सांगता येत नाही, एक मोठा वळीव झाला तरी मशीन गाळात रुतेल आणि रिकाम्या भाड्याचे पैसे जातील. म्हणून शिमगा झाला की पोकलेन उतरवायचं आणि १५ मेच्या आत सांडव्याचा शेवटचा दगड बसवून मोकळं व्हायचं.

ह्या रविवारी सकाळी सातला चरीचं श्रमदान सुरू. खोरं, पहार, बुट्टी, जे घरात असेल ते घेऊन घाटावर या. चहा कमिटीचा, नाष्टा ज्याचा त्यानं करून यायचा. उशिरा येणाऱ्यांना बुट्टी उचलायचं काम, खोरं मिळणार नाही.