सुमे, १९ तारीख

पाटण,
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. सुमन हिस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन आपटलास. त्यानंतर मी दोनदा लावायला घेतला आणि दोन्ही वेळा आईनं हातातून काढून घेतला. म्हणाली, तुम्ही बोलायला लागलात की पोर ऐकत नाही, काय ते लिहा. आणि एकच गोष्ट दहादा लिहू नका. म्हणून एकदाच लिहितो. रेबीजचं शेवटचं इंजेक्शन १९ तारखेला येतं, बुधवारी. ते घे. झालं, हा विषय संपला.

तू म्हणालीस, "आप्पा, मी रोज हेच काम करते, मला शिकवू नका." खरं आहे तुझं. मी ३४ वर्षं गाईम्हशींत काढली. कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवायचं, पोटफुगीला सुई मारायची, पावसाळ्याआधी वाडीवाडीला जाऊन घटसर्प-फऱ्याच्या लसी टोचायच्या, हे माझं काम. ससा, गिनीपिग, पांढरा उंदीर यांतलं मला काही येत नाही. जूनमध्ये तुझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात आलो तेव्हा ते मला पुरतं कळलं.

तो पांढरा ससा आठवतो? दोन दिवस खाल्लं नव्हतं, लेंडी पडली नव्हती. तू त्याला पिंजऱ्यातून काढलंस ते मी दारात उभा राहून पाहत होतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच अंगाशी धरलास. मग टॉवेलात असा गुंडाळलास की फक्त तोंड बाहेर. मी विचारलं, एवढ्याशा जनावराला एवढं कशाला? तू म्हणालीस, मागून आधार नसला आणि यानं जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. म्हशीच्या लाथेनं माणसाचं हाड मोडतं हे मला माहीत होतं. सशाच्या लाथेनं सशाचंच मोडतं हे मला तिथं कळलं.

नंतर ती गवताच्या भुकटीची पेज. सिरिंज समोरून नाही, बाजूनं, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून. अर्धा मिली घातलास, थांबलीस. त्याचा जबडा हलला, घोट गेला, मग पुढचा अर्धा. मधेच पोटावर दोन बोटं ठेवून पाहायचीस, कान लावून आतडी वाजतात का ऐकायचीस. मी घड्याळात पाहिलं, चाळीस मिनिटं झाली होती. तक्त्यावर तू लिहिलंस : लेंड्या, शून्य. रात्रभर थांबलीस. सकाळी खोलीवर आलीस ती चप्पलसुद्धा न काढता म्हणालीस, "आप्पा, सात पडल्या!" म्हशीची वार पडली की मी असाच ओसरीवरून तुझ्या आईला ओरडून सांगायचो. त्या वेळी मी काही बोललो नाही. आवाज फुटला नसता.

आता जे लिहितो ते कधीच बोललो नव्हतो. तुझ्या ढवळी सशीबद्दल. तू पाचवीत होतीस. तिच्या गालाखाली गाठ आली होती, पू होता. माझ्या पेटीत अमॉक्सिसिलिन होतं, पेनिसिलिनच्याच जातीचं. वासराच्या हिशेबानं वजन धरून डोस काढला आणि तोंडावाटे पाजला. तिसऱ्या दिवशी जुलाब, चौथ्या दिवशी गेली. मी तुला सांगितलं, मांजर दिसलं असेल, भीतीनं गेली. गेल्या वर्षी तू फोनवर सहज बोलून गेलीस की सशाला, गिनीपिगला, हॅमस्टरला तोंडावाटे पेनिसिलिनच्या जातीचं औषध देत नाहीत. आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि जनावर जुलाबानं जातं. एवढं बोलून तू गप्प झालीस, मीही गप्प झालो. तुला समजलं होतं. समजूनही तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. ढवळी माझ्या हातानं गेली, सुमे. मला माहीत नव्हतं, पण माहीत नसताना दिलं ही चूक माझीच. आज तुझ्या हाताखाली जी जनावरं आहेत त्यांना माझ्यासारखा माणूस भेटत नाही, तू भेटतेस, याचा मला किती अभिमान आहे ते मला तोंडानं कधी सांगता येणार नाही.

पण तू लपवतेस. त्या औषध कंपनीच्या प्राणीगृहात होतीस तेव्हा सहा महिने शिंका येत होत्या, रात्री छाती घरघरायची, आणि आम्हाला म्हणायचीस पुण्याची हवा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की उंदरांच्या मुतातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे, हे काम सोडा. तिथलं तू किती मायेनं सांगायचीस. २५ ग्रॅमचा उंदीर, अंगात सगळं मिळून दोन मिलीच्या आत रक्त, त्यातलं ०.२ मिलीहून जास्त काढायचं नाही. भूल दिली की त्याचं अंग झटकन गार पडतं म्हणून खाली ऊबदार गादी, डोळे उघडेच राहतात म्हणून मलम. मोठ्या जातीच्या उंदराच्या डोळ्याभोवती लाल दिसलं तर ते बहुधा रक्त नसतं, तो त्रासात आहे असं समजायचं. मला तेव्हा वाटायचं, उंदराचा त्रास डोळ्यावरून ओळखणारी ही मुलगी स्वतःचा त्रास कुणाला दिसू देत नाही.

आणि आता हे. नरक चतुर्दशीच्या रात्री फटाक्यानं भाजलेली मांजर कुणीतरी पिशवीतून आणली, ती तुझ्या अंगठ्याच्या मुळाशी चावली. तू पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं हात धुतलास, त्याच रात्री सरकारी दवाखान्यात जाऊन पहिलं इंजेक्शन घेतलंस, जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, भरून घेतलंस. शाबास. पण तिसऱ्या दिवशी भाऊबीज होती. तू त्या दिवशीचं दुसरं इंजेक्शन चुकवून एसटीत बसलीस. डाव्या हातात ताम्हण धरून सचिनला ओवाळलंस तेव्हाच आईच्या लक्षात आलं होतं. उजव्या हाताच्या पट्टीबद्दल विचारलं तर म्हणालीस सुरी लागली. मी स्वतः समोर बसलो होतो. चौतीस वर्षं जनावरांचे चावे पाहिलेला माणूस, आणि मी म्हणालो, "जपून काप गं."

दुसरं इंजेक्शन तू दोन दिवस उशिरा घेतलंस, तिसरंही सरकलं, म्हणून शेवटचं १९ला गेलं. सचिननं सगळं सांगितलं, त्याच्यावर चिडू नकोस. मी इथल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उशीर झाला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिलेलं पुढे घेत जायचं, फक्त सोडायचं नाही. सीरम वेळेत मिळालं हे फार बरं झालं असंही म्हणाले. मी तीन वेळा विचारलं, तीन वेळा त्यांनी तेच सांगितलं.

ती मांजर दुसऱ्या दिवशीच गेली म्हणे. भाजल्यानं गेली असेल. बहुतेक तसंच असेल. पण जिवंत राहिली असती तर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवता आली असती, धडधाकट राहिली तर मनाला स्वस्थता. मेल्यावर तिचा मेंदू तपासायला पाठवायचं तुमच्याकडे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि रोज कुत्र्यामांजरांत हात घालणाऱ्या मुलींना आधीच लस टोचून का ठेवली नव्हती? ती घेतलेली असती तर चाव्यानंतर दोनच इंजेक्शनांत भागलं असतं, सीरमसुद्धा लागलं नसतं. तुमच्या मालकांना मी फोन करणार होतो. केला नाही. तुला आवडलं नसतं. पण तू विचार, सगळ्या पोरींसाठी विचार.

बघ, लेक्चर सुरू झालं. माफ कर. तुला वाटतं आप्पा म्हातारे झाले म्हणून घाबरतात. मी तरुण होतो तेव्हाची गोष्ट आहे ही.

१९९७ साल, कार्तिक महिना. तू आईच्या पोटात, सातवा महिना. डोंगरातल्या एका वाडीवर गाय लाळ गाळत होती, घसा बसल्यासारखी हंबरत होती. मालक म्हणाला घशात काहीतरी अडकलंय. मी तिच्या तोंडात हात घातला, मनगटापर्यंत, मोकळा हात. आत काहीच नव्हतं. बोटाला आदल्या दिवशीची चीर होती. तिसऱ्या दिवशी गाय मेली तेव्हा कळलं की श्रावणात तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्याच कुत्र्यानं त्या घरच्या गड्यालाही पोटरीला धरलं होतं. त्यानं हळद भरली होती आणि दंडाला दोरा बांधला होता.

तेव्हाची लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे. रोज एक, चौदा दिवस, बेंबीच्या भोवती. सुपारीएवढ्या गाठी यायच्या. काहींना त्या लशीनंच लकवा मारायचा, ते मला माहीत होतं. रोज सकाळी उठून आधी पायाची बोटं हलवून बघायचो, मग एसटी पकडायचो. तुझी आई काही विचारायची नाही, फक्त माझा सदरा वर करून गाठी मोजायची. ती लस २००४ साली बंद झाली. आता दंडात चिमटाभर टोचतात.

त्या गड्याला मी म्हणालो होतो, चल माझ्याबरोबर, तुझीही सुरू करू. अजून वेळ गेली नाही. तो म्हणाला, "सायेब, भात झोडून होऊ द्या, सुगी झाली की येतो." मी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. माझ्याच गाठी दुखत होत्या. माघात निरोप आला. मी गेलो तेव्हा त्याला पडवीत बाजेला बांधलं होतं. बायकोनं तांब्या दाखवला तर त्याचं नरडं आवळून आलं, वाऱ्याची झुळूक आली तरी तसंच. शुद्धीवर होता पूर्ण. मला ओळखलं. म्हणाला, "सायेब, सुगी झाली." त्यानंतर दोन दिवसांनी गेला. तू तेव्हा तीन आठवड्यांची होतीस. घरी आल्यावर मी तुला दोन दिवस हातात घेतलं नाही. आईला वाटलं मुलगी झाली म्हणून मी नाराज आहे. आजवर तिला तसंच वाटतं. हे पत्र ती वाचणार आहे, म्हणजे आता तिलाही कळेल.

म्हणून मी तिसऱ्यांदा सांगतो, चौथ्यांदा सांगतो. तू भाऊबीज झाली की घेते म्हणालीस ना, तेव्हा मला सुगी ऐकू आली.

आम्हाला प्रशिक्षणात एक सर सांगायचे की पाश्चरनं १८८५ साली ज्या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस टोचली, ती सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. सुकवलेला मज्जारज्जू, आधी जुना, मग रोज थोडा ताजा. तो पोरगा वाचला. तू सशाला पाजत होतीस तेव्हा मला ते सारखं आठवत होतं. सशांचं केवढं देणं आहे आपल्यावर, तू ते फेडतेस. मग मेंढीचं देणं माझ्यावर आहेच.

घाबरलेल्या मांजरीला एकटीनं हात लावू नकोस. जाड टॉवेल, एक माणूस डोक्याशी, एक पायाशी, आणि दुखतंय म्हटल्यावर आधी वेदनेचं औषध, मग ड्रेसिंग. रात्रपाळीला दुसरं कुणी नसेल तर पिंजऱ्यासकट ठेव आणि डॉक्टरांना बोलाव. मांजरीचा दात सुईसारखा असतो, वरून भोक दिसत नाही आणि आत पू होतो. अंगठा सुजला का? वाकतो का पूर्ण? हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे की तुला माहीत आहे. तरी लिहिलं. पुसत नाही आता.

परसातला पेरू यंदा भरभरून आलाय. तू म्हणाली होतीस की गिनीपिगच्या अंगात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व बनत नाही, बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. मग पेरू चालेल ना? लहान फोड, रोज नाही, गोड असतो म्हणून. आईनं पंचवीस वेचून ठेवलेत, वर थोडे तुझ्यासाठी. चकल्याही आहेत, भाऊबीजेला तू खाल्ल्याच नाहीस.

सचिन म्हणतो, आप्पा, पिशवी मी एसटीच्या पार्सलनं टाकतो. मी नको म्हणालो, पेरू दबतील. म्हशीचं शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलंय, दोन दिवस त्या धार काढतील. मी १८ला दुपारी निघतो, रात्री तुझ्या खोलीवर. १९ला सकाळी तुझ्याबरोबर दवाखान्यात रांगेत उभा राहीन, काही बोलणार नाही. तुझी ड्यूटी असेल तर ड्यूटी संपेपर्यंत खाली बसेन. चिडू नकोस. कार्ड तेवढं उशाशी काढून ठेव.

तुझे,
आप्पा