डाव्या बाजूचे दोघे राहून गेले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळलेल्या फुटबॉलपटूंवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. माल्दिनी, गिग्ज, टोटी ही नावे येणारच होती. लेखही मन लावून लिहिला आहे. मात्र 'अशी निष्ठा मोठ्या क्लबांच्याच खेळाडूंना परवडते' हे त्यातले वाक्य खटकले, म्हणून हे पत्र.

आधी आकडे पाहू. माल्दिनी मिलानकडून सेरी आ या इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये 647 सामने खेळला, गिग्ज मँचेस्टर युनायटेडकडून लीगचे 672, टोटी रोमाकडून 619. जॉन ट्रॉलप नावाचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, स्विंडन टाऊनकडून लीगचे 770 सामने खेळला, आणि यातला एकही इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतला नव्हता. ही तुलना अगदी काटेकोर नाही, हे मान्य. तिसऱ्या श्रेणीत 24 संघ असतात, म्हणजे हंगामाला 46 सामने. तरीही एकही सामना न चुकवता 770 गाठायचे म्हटले तर पावणेसतरा हंगाम लागतील. पाय मुरगळणे, ताप, घरचे कार्य, सगळे बाजूला ठेवून!

ट्रॉलप 1943 चा, स्विंडनला खेटून असलेल्या रॉटन गावचा. स्विंडन म्हणजे रेल्वे कारखान्याचे शहर. ब्रिटिश रेल्वेचे शेवटचे वाफेचे इंजिन 1960 च्या मार्चमध्ये तिथूनच बाहेर पडले आणि त्याच ऑगस्टमध्ये हा 17 वर्षांचा मुलगा पहिला सामना खेळला. बर्ट हेड या मॅनेजरने तेव्हा मिसरूड फुटलेल्या पोरांचाच संघ बांधला होता. त्यातला माइक समरबी मँचेस्टर सिटीला गेला, अर्नी हंट वुल्व्ह्जला, पुढे डॉन रॉजर्स क्रिस्टल पॅलेसला. ट्रॉलप जिथल्या तिथे.

आता 'निष्ठा' हा शब्द मीही जरा जपूनच वापरतो. ट्रॉलपने सुरुवात केली तेव्हा इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूला आठवड्याला 20 पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नव्हता. ती मर्यादा 1961 च्या जानेवारीत उठली. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी अडवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यायालयात धाव घेतली, 1963 मध्ये निकाल लागला, तेव्हा कुठे ही पकड सैल झाली. म्हणजे त्या काळातले कित्येकजण एका क्लबात राहिले ते दार बाहेरून बंद होते म्हणून. पण दार किलकिले झाल्यावरही ट्रॉलप आणखी 17 वर्षे तिथेच राहिला, हे काही कायद्याने घडवलेले नाही. बदली खेळाडूची सोय इंग्लिश लीगमध्ये 1965 साली आली, तीही सुरुवातीला फक्त दुखापतीपुरती. त्याआधीची पाच वर्षे तो ज्या सामन्यात उतरला, तिथे लंगडत का होईना, शेवटपर्यंत मैदानात उभे राहणे एवढाच पर्याय होता.

15 मार्च 1969 चा दिवस तर लेखात हवाच होता. लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची अंतिम लढत, लंडनचे वेम्बली मैदान, समोर पहिल्या श्रेणीतला आर्सेनल, आणि घोड्यांच्या शर्यतींनी व पावसाने मैदानाचा नुसता चिखल झालेला. तिसऱ्या श्रेणीतल्या स्विंडनने रॉजर स्मार्टच्या गोलवर आघाडी घेतली. शेवटची चार मिनिटे उरली असताना आर्सेनलच्या बॉबी गूल्डने बरोबरी साधली. जादा वेळेत डॉन रॉजर्सने दोन गोल केले आणि निकाल लागला 3-1. त्यातला दुसरा गोल करताना रॉजर्स मैदानाच्या मध्यापासून चेंडू घेऊन सुटला तो थेट गोलरक्षकाला चकवून थांबला. फोटो त्याचेच छापले जातात आणि ते योग्यच आहे. पण डावा विंगर मागे वळून न पाहता असा सुटू शकतो, कारण त्याच्या पाठीमागची पट्टी सांभाळणारा पक्का आहे हे त्याला ठाऊक असते. त्या दिवशी तिथे 3 नंबरचा ट्रॉलप होता. एवढे करूनही स्विंडनला युरोपातल्या फेअर्स कपमध्ये प्रवेश मिळाला नाही, कारण काय, तर क्लब पहिल्या श्रेणीतला नाही!

पोर्ट्समथच्या जिमी डिकिन्सनचा एकाच क्लबकडून लीगचे 764 सामने खेळण्याचा विक्रम ट्रॉलपने 1980 मध्ये मोडला, तेव्हा त्याचे वय होते 37. नंतर तो त्याच क्लबचा मॅनेजर झाला आणि 1982 मध्ये संघ घसरून चौथ्या श्रेणीत गेला. हेही सांगायला हवे, नाहीतर माझेही लेखकासारखेच व्हायचे, फुलेच फुले.

त्याचा विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. डिसेंबर 2023 मध्ये तो मोडला तोही एका लेफ्ट बॅकनेच, एमके डॉन्सच्या डीन लेविंग्टनने. या गृहस्थाने एकाच क्लबात राहून काय काय पाहिले बघा: 2006 ला घसरण, 2008 ला बढती, 2015 ला बढती, पुढच्याच वर्षी घसरण, 2018 ला परत घसरण, 2019 ला बढती, 2023 ला पुन्हा घसरण. एमके डॉन्स या नावाने क्लबला दुसऱ्या श्रेणीत मिळाला तो जेमतेम एक हंगाम. मध्ये 2014 च्या ऑगस्टमध्ये तो कर्णधार असलेल्या या संघाने लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला 4-0 ने हरवले, तेवढ्यापुरते जगाने त्यांच्याकडे पाहिले. खुद्द क्लबही जागेवर नव्हता. लेविंग्टन आला तेव्हा त्याचे नाव विम्बल्डन होते. क्लब लंडन सोडून मिल्टन कीन्सला गेला, 2004 मध्ये नाव बदलले, चाहते दुरावले. खेळाडू क्लब बदलतात हे रोजचेच, इथे क्लब बदलला आणि खेळाडू राहिला.

मी स्वतः पंधरा वर्षे पेठेच्या संघात लेफ्ट बॅक होतो. शाहू स्टेडियमवर गॅलरीतून माझे नाव निघायचे ते माझ्या बाजूने गोल झाला की. त्यामुळे या पत्रात थोडा पक्षपात आहे, हे कबूल.

दोन विनंत्या आहेत. त्या लेखाला पुरवणी म्हणून ट्रॉलप आणि लेविंग्टन यांच्यावर चार ओळी छापाव्यात. आणि सोमवारच्या क्रीडापानावर प्रीमियर लीगच्या तक्त्याखाली लीग वन व लीग टूचे, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या श्रेणीचे, नुसते निकाल तरी द्यावेत, निदान ज्या आठवड्यात तिथे जाहिरात नसेल तेव्हा.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर