ऑफिसात मशीन आलं, कॉफी करणाऱ्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑफिसात परत या म्हणून मेल यायला लागले तेव्हापासून पुण्यातल्या कंपन्यांना एकदम कॉफीचं सुचायला लागलंय. खराडी, बालेवाडी, हिंजवडी, कुठेही नवीन ऑफिस बघायला नेलं की आधी पॅन्ट्रीतलं मशीन दाखवतात. मी एका मध्यम कंपनीत ॲडमिन बघते, व्हेंडरशी घासाघीस करणं आणि पॅन्ट्रीची बिलं पास करणं हेच माझं काम, म्हणून लिहितेय, लांबलं तर खुशाल कापा.

बहुतेक ठिकाणी होतं असं की व्हेंडर मशीन फुकट नाहीतर नाममात्र भाड्याने ठेवतो आणि अट एकच, प्रीमिक्स, म्हणजे साखर-दूध पावडर-कॉफीची तयार पूड, आमच्याकडूनच घ्यायचं. फायनान्सवाले खूश. ते प्रीमिक्सचं पाकीट एकदा उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, आणि बऱ्याच पाकिटांवर पहिलं नाव साखरेचं असतं, मग दूध पावडर, कॉफी कुठेतरी खाली. म्हणजे महिन्याचं जे बिल आपण कॉफी म्हणून भरतो त्यात साखरच जास्त. डायबेटिसवाल्याने काय करायचं? तो खाली टपरीवर बिनसाखरेचा सांगतो, आणि तरुण पोरं कॅफेत जाऊन दोनशे-अडीचशे मोजून येतात, वर अर्धा तास जातो तो वेगळाच.

अशा मशीनचं पुढचं झाकण कधी उघडून बघा, म्हणजे बघवलं तर. पावडर जिथून खाली पडते तिथे वाफ लागून लागून तिचा घट्ट पिवळट थर बसलेला असतो, मिक्सिंगच्या वाटीला चिकट कडा आणि पाइपात कालच्या दुधाचा वास. रोज धुवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण रोज कोणी धुवायचं हे कुठल्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये नसतं. व्हेंडरचा माणूस त्याच्या तारखेला येणार, हाउसकीपिंगवाला म्हणणार मशीन आमचं नाही.

आता काही ठिकाणी लाखाच्या वरचं बीन-टू-कप मशीन, म्हणजे तिथल्या तिथे बिया दळून कॉफी करणारं, आणतात. वाईट नाही, चारशे-पाचशे माणसं असतील तर दुसरा इलाजही नाही. पण त्यात ताज्या बिया टाकायला नकोत का? कुणीतरी वर्षभर पुरेल एवढा माल एकदम घेऊन ठेवतो, स्वस्त पडतो म्हणून. भाजलेल्या बिया साधारण महिना-दीड महिना चांगल्या राहतात, आणि एकदा दळली की काही दिवसांतच वास उडून जातो. पाकिटावर एक्स्पायरी बघून उपयोग नाही, भाजल्याची तारीख बघायची, आणि ती छापलेलीच नसेल तर तो माल घेऊच नये असं माझं मत.

आणि ही कॉफी काही सातासमुद्रापलीकडून आणायची नाहीये. देशातली साधारण 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, कोडगू, चिकमगळूर, हासन, म्हणजे आपल्या शेजारीच. 2019 साली कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुदनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू अरेबिका यांना जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळाला (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती). तरी आपल्याकडची बरीचशी कॉफी बाहेर जाते आणि आपण ऑफिसात साखरेचं पाणी पितो.

चाळीस-पन्नास माणसांच्या ऑफिसला माझा सल्ला सरळ आहे, स्टीलचा मोठा साउथ इंडियन फिल्टर घ्या, हॉटेलवाले वापरतात तो. पावडर हलकी दाबायची, नुकतं उकळलेलं पाणी वरून सावकाश ओतायचं, झाकण लावायचं आणि सोडून द्यायचं. मोठ्या फिल्टरला डिकॉक्शन, म्हणजे खाली गळणारा कॉफीचा अर्क, उतरायला वेळ लागतो म्हणून साडेआठला लावलं की दहाला लोक येईपर्यंत तयार. दूध वेगळं तापवायचं, डिकॉक्शन कधीही परत उकळायचं नाही, कडू होतं. दुपारी अडीचला दुसरा घाणा. ब्लॅक पिणाऱ्यांसाठी एक-दोन फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळी खाली दाबून कॉफी गाळायची भांडी, आणि मीडियम रोस्ट अरेबिका, लिटरला 60 ग्रॅमच्या आसपास. दुधाच्या कॉफीला हीच अरेबिका पचपचीत लागते, तिथे गडद भाजलेली, थोडी रोबस्टा असलेली पावडर हवी. एकच कॉफी सगळ्यांना चालते हा ॲडमिनवाल्यांचा भ्रम आहे.

चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं म्हणाल तर मला स्वतःला थोडी आवडते, पण किती आहे ते बघून घ्या. कॉफी-चिकोरी मिक्समध्ये कॉफी निदान 51 टक्के हवी आणि दोन्हीचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं असा नियम आहे. म्हणजे 49 टक्के चिकोरी घालूनही ते कायद्यात बसतं. 80:20 मागा, फार तर 70:30. चिकोरीत कॅफिन नसतं, तेव्हा तीन कप पिऊनही झोप जात नाही म्हणणाऱ्यांनी तिथे बघावं.

खर्चाचं म्हणाल तर पावडर हजार रुपये किलो धरली तरी कपाला 10 ग्रॅम म्हणजे 10 रुपये, 100 मिली दुधाचे सहा-सात. साखर ज्याची त्याने घ्यावी. आणि आमच्या अकाउंट्समधल्या दोन काकूंना जायफळाची कॉफीच लागते, तर एक जायफळ आणि छोटी किसणी पॅन्ट्रीत ठेवली तर बिघडलं काय? चहा मात्र बंद करायचा विचारही मनात आणू नका, दंगल होईल.

पाण्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. खराडी-वाघोलीकडे टँकरचं आणि बोअरचं पाणी, सरळ वापरलं तर मशीनच्या बॉयलरमध्ये क्षार साठतात आणि कॉफीही बेचव, म्हणून सगळे आरओ लावतात. पण आरओ इतका कडक सेट केलेला असतो की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 20-30 वर येतो, आणि त्या पाण्यात चांगली पावडरसुद्धा पांचट लागते. 100 ते 150 च्या मध्ये ठेवायला सांगा, आरओवाला स्क्रू फिरवून पाच मिनिटांत करून देतो. टीडीएस मीटर चारपाचशे रुपयात मिळतो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि त्यासाठीच हे पत्र. पॅन्ट्रीत जो दादा किंवा ज्या मावशी असतात त्यांना कुणी विचारतच नाही. मशीनचा डेमो ठेवला तर एचआर, ॲडमिन, फायनान्स सगळे कप घेऊन उभे, आणि रोज जो हे करणार तो दाराशी ट्रे घेऊन. त्याला बसवा, चव घेऊ द्या, वजनकाटा द्या, सकाळचा अर्धा तास फक्त याच कामाला द्या, त्या वेळात कुरिअर आणि टेबल पुसणं नको. नियमित माल घेत असाल तर बरेच रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारे, स्वतः येऊन शिकवतात. कॉफी बोर्ड बंगळुरूला कापी शास्त्र नावाचं ट्रेनिंगही घेतं, एखाद्या मोठ्या कंपनीने आपला माणूस तिथे पाठवला तर त्या माणसाला पुढे त्याचा उपयोगच होईल.

आणि पैसे. पॅन्ट्रीवाल्याचा दर एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये झाडू-पोछाच्याच ओळीत लागतो, कौशल्याचा एक रुपया जास्त नाही, मग तो जरा तयार झाला की दुसरीकडे जातो आणि आपण परत पहिल्यापासून. त्याची ओळ वेगळी टाका, दर वाढवा, ती वाढ एजन्सी मध्येच गिळत नाही ना हे पगाराची स्लिप मागून बघा. मशीनच्या एएमसीला, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या कराराला, जेवढे घालतो त्यात हे बसतं. पुढच्या रिन्यूअलला मी हाच मुद्दा टाकलाय, फायनान्सचं उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक ॲडमिनवाली, खराडी, पुणे